नवजात बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया (टीजीए): सव्वा महिना थांबावे का?

प्रश्न
नमस्कार. आम्ही नागपूरचे. माझ्या बहिणीच्या बाळाचे ओठ आणि नखे जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी निळसर दिसू लागल्याने त्याला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) हलवले. एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) टीजीएचे, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य धमन्यांच्या अदलाबदलीचे, निदान झाले असून प्रोस्टाग्लँडिनचे औषध शिरेतून सुरू आहे. वजन अडीच किलो आहे. बाळाने थोडे बाळसे धरावे, निदान सव्वा महिना होऊ द्यावा, असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे, तर डॉक्टर थांबू नका म्हणतात. याचे कारण काय?

उत्तर १
ताई, या विकारात महाधमनी उजव्या कप्प्यातून आणि फुप्फुसधमनी डाव्या कप्प्यातून निघते, त्यामुळे अशुद्ध रक्त शरीरात आणि शुद्ध रक्त फुप्फुसांतच फिरत राहते. जन्मतः उघडी असलेली, या दोन धमन्यांना जोडणारी डक्टस ही वाहिनी मिटू नये आणि दोन्ही रक्ते थोडी मिसळत राहावीत म्हणून प्रोस्टाग्लँडिन देतात. तेवढ्याने भागले नाही, तर फुग्याने वरच्या कप्प्यांमधील छिद्र मोठे करतात. ही पद्धत रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये मांडली. हे दोन्ही उपाय वेळ मिळवून देणारे आहेत, बरे करणारे नव्हेत.

थांबण्यात खरी अडचण डाव्या कप्प्याची आहे. त्याला फक्त फुप्फुसांकडे रक्त ढकलायचे असते आणि जन्मानंतर तिथला दाब उतरत जातो, म्हणून त्याचे स्नायू काही आठवड्यांतच दुबळे पडतात. पुढे मात्र संपूर्ण शरीराचा भार त्यालाच वाहायचा असतो. यासाठी आर्टेरियल स्विच ही शस्त्रक्रिया साधारणपणे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करतात. त्यात दोन्ही धमन्या कापून अदलाबदल करतात आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक कोरोनरी धमन्याही उचलून नव्या जागी जोडतात. सर्वांत नाजूक काम तेच. खालच्या कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असेल, तर हिशोब थोडा बदलतो. तेवढे डॉक्टरांना अवश्य विचारा.

उत्तर २
खर्चासाठी जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात (बाळांमधील दोष लवकर ओळखून उपचार मिळवून देणाऱ्या सरकारी केंद्रात) आजच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली नोंद करा. नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात, पण बेड आहे का हे आधी तुमच्या डॉक्टरांकरवी विचारून घ्या. बाळाला हलवताना व्हेंटिलेटरची रुग्णवाहिकाच घ्या, कारण प्रोस्टाग्लँडिनने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. खालच्या पडद्याला छिद्र नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आईला डाव्या कप्प्याची गोष्ट समजावली, तेव्हा तिने सव्वा महिन्याचा आग्रह सोडला. आता शस्त्रक्रियेच्या तारखेसाठी बोलणी सुरू आहेत.