मांजराचं बिथरणं, चवताळणं आणि डूख धरणं

विचारणा : घरात चार मांजरं आहेत. त्यातल्या एका बोक्याचा मागचा एक पाय अपघातानंतर काढावा लागला. तेव्हापासून तो बाकीच्या तिघांच्या अंगावर धावून जातो. डॉक्टरांनी त्याच्या वागण्याची लेखी नोंद मागितली आहे. दर वेळी ‘आक्रमक झाला’ एवढंच लिहून त्यांना काय कळणार? यासाठी मराठीत नेमके शब्द कोणते?

प्रतिसाद : ‘आक्रमक’ म्हटलं की हेतू गृहीत धरला जातो, म्हणून तो शब्द मी टाळेन. जनावरांच्या रागासाठी आपल्याकडे बारकावे दाखवणारे शब्द आहेत. बुजणं म्हणजे दचकून अंग चोरणं, मागे सरणं. बिथरणं म्हणजे भीतीने भान सुटणं. यात हल्लाही होतो, पण मूळ भीतीच. चवताळणं म्हणजे डिवचल्यावर त्वेषाने उलटून येणं. डूख धरणं मूळचं सापाचं. एकालाच हेरून त्याच्यावर राग ठेवणं. धोका दिसला की मांजर आधी पळतं किंवा उंच जागी चढतं. तुमच्या बोक्याला ही दोन्ही कामं जड जातात, त्यामुळे तो बिथरत असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

फिस्कारणं वेगळं लिहा. तो हल्ला नसतो, ‘जवळ येऊ नको’ हा इशारा असतो. त्यासाठी त्याला कधीही रागावू नका. इशारा दाबला तर पुढच्या वेळी थेट पंजाच येईल. पंजा मारणं आणि बोचकारणं यांतही फरक करा : पंजा नखं आत ठेवूनही मारता येतो, बोचकारताना नखं बाहेर असतात.

दुसरा प्रतिसाद : ‘गुरगुरणं’ मात्र जपून वापरा. काही जण रागाच्या आवाजाला गुरगुर म्हणतात, काही जण मांडीवरच्या समाधानाच्या आवाजालाही. दुसऱ्यासाठी ‘घुरघुर’ लिहिलं तर गोंधळ टळेल. शिवाय मांजर दुखत असतानाही घुरघुरतं, म्हणून शेजारी कान आणि शेपटीची स्थिती लिहा.

दुखण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पाय गेल्यावर उरलेल्या पायांवर आणि पाठीवर ताण येतो. दुखऱ्या जागी दुसऱ्या मांजराचा धक्का लागला की तो उसळणारच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही वेदनाशामक देऊ नका. माणसांचं पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे.

तिसरा प्रतिसाद : आणखी एका प्रकाराला आपल्या भाषेत तयार वाक्प्रचार आहे : वड्याचं तेल वांग्यावर. खिडकीबाहेर परकं मांजर दिसतं, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि राग शेजारी बसलेल्यावर निघतो. नोंदीत ‘आधी काय घडलं’ असा रकाना नसेल तर हे कधीच लक्षात येणार नाही.

दवाखान्यातून परत आल्यावरचं भांडण याहून निराळं. त्याच्या अंगाला परका वास लागलेला असतो, बाकीच्यांना ओळख पटत नाही आणि सुरुवात तेच करतात. तेव्हा त्याला काही काळ वेगळ्या खोलीत ठेवा, अंथरुणं अदलाबदल करा, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खायला द्या. सगळे शांतपणे खाऊ लागले की मगच दार थोडं थोडं उघडा. चार मांजरांना शी-शूच्या वाळूच्या पाच पेट्या (लिटर बॉक्स) हव्यात, वेगवेगळ्या जागी. बोक्यासाठी एका पेटीची कड खाली असावी. आवडत्या उंच जागेवर जायला उतरता फळा लावा. आणि जुंपलीच, तर हात मध्ये घालू नका, पुठ्ठा सरकवा.

विचारणारा : म्हणजे नोंद अशी होईल का? ‘संध्याकाळी, खाण्याच्या वाडग्यापाशी. धाकटी मागून आली. बोका फिस्कारला, कान मागे चिकटवले, ती हलली नाही तेव्हा बोचकारलं. चवताळला.’

पहिला प्रतिसाद : शेवटचा शब्द सोडून सगळं उत्तम. मागून आलेल्या मांजरामुळे तो बिथरला असावा, पण तो निष्कर्ष नोंदीत नको; डॉक्टरांशी बोलताना सांगा. धाकटीला वाट अडवणारी भिंत किंवा कोपरा तिथे होता का, तेवढं मात्र लिहा. वाडगा त्याला समोरून येणारे सगळे दिसतील अशा जागी हलवून पाहा, आणि त्यानंतरच्या नोंदी वेगळ्या पानावर घ्या.