ट्रॅकसाठी पहिली जुनी गाडी: केटीएम आरसी 390 घेऊ की यामाहा आर15?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. वय 25, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी. कॉलेजपासून पल्सर चालवतोय. वेगाची हौस विजापूर रोडवर भागवायची नाही, नीट ट्रॅकवर शिकायचं, असं ठरवलंय. येत्या हिवाळ्यात कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नाहीतर चेन्नईला जायचा विचार आहे. गाडी फक्त ट्रॅकसाठी, कामावर जायला पल्सर आहेच. सगळं मिळून बजेट दीड लाख.

दोन गाड्या नजरेत आहेत. होटगी रोडला 2016ची आरसी 390, एक लाख वीस हजार सांगतोय, दिसायला एक नंबर. दुसरी पुण्यात, आर15 व्ही3, 2019ची, ऐंशी हजार, पण डावीकडचं फेअरिंग, म्हणजे बाजूचं प्लास्टिकचं कव्हर, पार खरवडलंय. मन 390वरच जातंय. काय करू?

सातरस्ता_रायडर:
आर15 घे, मित्रा. आणि ऐंशीवरून खाली आण.

आधी पैशाचं बघ. 390 घेतलीस तर हातात तीस हजार उरतात. त्यात लेदर सूट, ग्लोव्हज, घोट्याच्या वर येणारे बूट, बॅक प्रोटेक्टर, दोन टायर, ट्रॅकची फी आणि गाडी तिकडं न्यायचा खर्च? बसतच नाही. मग लोक सूटमध्ये काटकसर करतात, आणि नेमकी तिथंच करायची नसते.

दुसरं, शिकण्याचं. करीची एक फेरी दोन किलोमीटरच्या थोडी वर, वळणावर वळण. 390वर वळणात कितीही चुकलास तरी बाहेर पडताना थ्रॉटल पिळला की सगळं झाकलं जातं. 155 सीसीला तेवढी ताकद नाही. ब्रेक जरा जास्त दाबलास की गेलेला वेग पुढचा सगळा स्ट्रेट (सरळ पट्टा) संपेपर्यंत परत येत नाही, म्हणजे कुठं चुकलं ते तिथल्या तिथं कळतं. वजनही 140 किलोच्या आसपास, स्लिपर क्लच आहे (पटकन खालचा गिअर टाकला तरी मागचं चाक अडकत नाही), आणि बारीकसारीक पार्ट कुठंही मिळतात. चेन्नईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, तिथं लांब स्ट्रेटवर मोठ्या गाड्या तुला मागं टाकतील. टाकू देत.

खरवडलेल्या फेअरिंगला घाबरू नको, ट्रॅकवर ते उद्याही खरवडणार आहे. बघायचं ते गाडी सरळ आहे का. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळव आणि खाली वाकून चेसिसवरचा लॉक स्टॉपर बघ, जिथं हँडल येऊन अडतं तो लोखंडी ठोकळा. तो चेपलेला असेल, किंवा फक्त तेवढ्याच जागी नवा रंग दिसत असेल, तर गाडी समोरून जोरात आदळलेली आहे. तिथूनच परत फिर. आणि ही तपासणी त्या "एक नंबर" दिसणाऱ्या 390ची पण कर. चकचकीत गाडीची मला जास्त शंका येते.

अक्कलकोटरोड_गॅरेज:
वरच्याशी सहमत. तीस वर्षं स्पॅनर हातात आहे, म्हणून थोडी भर घालतो.

सुतळी सोबत ने. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी, जमिनीपासून सारख्या उंचीवर, सुतळी ताणून पुढच्या टायरपर्यंत आण. हँडल सरळ धरल्यावर पुढच्या टायरच्या दोन्हीकडं सुतळीपासून सारखं अंतर पडलं पाहिजे. फरक आला तर आधी चेनचे अ‍ॅडजस्टर दोन्हीकडं सारख्या खुणेवर आहेत का बघ. ते बरोबर असूनही फरक राहिला तर चेसिस नाहीतर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वाकलाय. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरव. मधोमध खट्ट करून अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेला. तो स्वस्तात बदलतो, पण किमतीत धर. फोर्कच्या नळीवर बोट फिरव, तेल लागलं तर ऑइल सील गेलं.

इंजिन गार असतानाच जा, मालकाला आधी चालू करून ठेवू देऊ नको. गार इंजिनला टायमिंग चेनची खडखड लपत नाही.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाच, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. आपल्या सोलापूरच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर नक्षी शिल्लक असली तरी कडक होतं. टायर नवेच टाक. ब्रेकला नवे पॅड आणि ताजं डॉट 4 तेल. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भर, बऱ्याच ट्रॅकवर कूलंट चालत नाही, कारण ते सांडलं की मागच्या पोराची गाडी घसरते. ट्रॅकवरून आलास की परत कूलंट भर, नाहीतर आत गंज चढतो.

पार्कचौक:
कागदांचं कुणी बोललं नाही. ट्रॅकचीच गाडी म्हणून आरसी बुक नावावर करायचं टाळू नका. फॉर्म 29 आणि 30वर सह्या घ्या, कर्ज असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र. बाकी चलन ऑनलाइन बघा. चेसिस नंबर स्वतः डोळ्यांनी ताडून घ्या.

नेण्याचा मार्गही सांगतो. मुंबई-चेन्नई मेल सोलापूरवरून जाते, कुर्ला-कोईम्बतूर एक्सप्रेसही. गाडी पार्सलने जाते, टाकी पूर्ण रिकामी करून, गोणपाटात बांधून. पार्सल ऑफिसात आरसी बुकची प्रत आणि ओळखपत्र लागतं. दोन दिवस आधी चौकशी करून ठेवा.

नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगाच्या चाचण्या धरत नाहीत. पडलात तर खर्च खिशातून.

विजापूरनाका_310:
माझं थोडं वेगळं मत. वजन 90 किलोच्या वर असेल तर आर15वर जीव रमणार नाही. मग थोडं थांबून पैसे साठवा आणि अपाची आरआर 310 बघा. टीव्हीएसच्या वन मेक शर्यतींत (सगळ्यांना एकाच कंपनीची गाडी) तीच पळते.

जुळेसोलापूरकर:
माझं वजन 66. काल संध्याकाळी सुतळी नव्हती, पण 390च्या हँडलखाली मोबाईलची बॅटरी मारून बघितलं. उजव्या स्टॉपरवर काळा रंग, बाकी चेसिसपेक्षा ताजा. मालकाला विचारलं तर म्हणाला, "कंपनीतूनच तसं येतं."

सातरस्ता_रायडर:
नाही येत बे. सोड ती. रविवारी पुण्याला जाणार असशील तर सांग, मी येतो. पहाटेच्या गाडीने निघू, म्हणजे आर15च्या मालकाने सेल्फ मारायच्या आत पोचू.

अक्कलकोटरोड_गॅरेज:
जाताना फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या) आणि सुतळी माझ्याकडून घेऊन जा. सत्तर हजारांच्या वर जाऊ नका, कोनसेट आणि दोन टायरचे पैसे त्यातून वजा करायला लावा. गाडी आली की थेट गॅरेजला आण, इंजिन ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून, तो सुटू नये म्हणून सेफ्टी वायर कशी बांधायची ते तुझ्याच हाताने करून घेतो.