अन्नछत्रासाठी भाजी पिकवतो. पावसाळ्यात काय लावावे?

प्रश्न (ऐरोली)
वसाहतीमागील मोकळ्या जागेत आम्ही काही रहिवासी भाजी पिकवून जवळच्या अन्नछत्राला देतो. रविवारी मदतीला माणसे येतात. परंतु जूनपासून वाफ्यांत पाणी साचते आणि पालक कुजतो. काय करावे?

उत्तर (घणसोली)
पालक ऑक्टोबरपर्यंत थांबवावा. वाफे वीतभर उंच करून मधून पाण्याला चर काढावेत, उंचवट्यावर भेंडी लावावी, मांडवावर दुधी, पडवळ आणि शिराळी चढवावीत. पाणथळ कोपऱ्यात अळू उत्तम येतो. भेंडी साधारण 45 ते 50 दिवसांत तोडणीला येते आणि पुढे एक दिवसाआड तोडली नाही तर जून होते, त्यामुळे केवळ रविवारच्या मदतीवर भागणार नाही.

उत्तर (कोपरी, ठाणे)
भेंडीबाबत पूर्ण सहमत. अळू मात्र नीट शिजला नाही तर घशाला खाजतो, म्हणून स्वयंपाक करणाऱ्या ताईंना आधी विचारावे आणि सोबत चिंचही द्यावी. आपल्या घरी जी भाजी आपण शिजवणार नाही, ती अन्नछत्राला पाठवणे मला मुळीच पटत नाही.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. आठवड्यातील तोडणीसाठी सेवानिवृत्त शेजाऱ्यांशी आजच बोलते.