मदत हवी आहे: डिसेंबरपासून माझा संघ शेवटच्या वीस मिनिटांत का फाटतो? (फुटबॉल मॅनेजर २०२४)

नमस्कार मंडळी,

इथं क्रिकेटचे धागे रोज पळतात. त्यात हा फुटबॉलचा, तोही संगणकावरच्या फुटबॉलचा, जिथं आपण मॅनेजर होऊन संघ चालवतो. तरी कुणीतरी खेळत असेलच या आशेवर लिहितोय.

इंग्लंडच्या सहाव्या पायरीवरचा, नॅशनल लीग नॉर्थमधला एक क्लब घेतलाय. (नाव सांगत नाही. मागे एका धाग्यात सांगितलं तर निम्मे प्रतिसाद 'तोच का घेतला' यावरच गेले.) चोवीस संघ, ४६ सामने. पहिला थेट वर जातो, दुसरा ते सातवा प्लेऑफ खेळतात. मोसमाच्या सुरुवातीला खेळातल्या पत्रकारांनी आम्हाला सोळाव्या नंबरावर टाकलं होतं.

ऑगस्ट ते नोव्हेंबर लई भारी गेलं. १९ सामने, १२ विजय, ४ बरोबरी, टेबलात दुसरे. ऑफिसात चहाला मी मोठ्या ऐटीत सांगायचो की पुढच्या वर्षी पाचव्या पायरीवर. डिसेंबर उजाडला आणि दृष्ट लागली. पुढच्या ९ सामन्यांत १ विजय, २ बरोबरी, ६ हार. १७ गोल खाल्ले, त्यातले ११ सत्तराव्या मिनिटानंतर. आता नववे आहोत.

डावपेच असे: ४-३-३, गेगेनप्रेस (म्हणजे चेंडू गेला की लगेच वरच घेरून परत मिळवायचा). फाइल नेटवरून उतरवली होती, 'सगळीकडे चालते' असं लिहिलं होतं. मेंटॅलिटी पॉझिटिव्ह. डिफेन्सिव्ह लाइन वर, प्रेसही वरूनच, ट्रिगर प्रेस पार टोकाला. चेंडू गेला की काउंटर-प्रेस. पास छोटे, टेम्पो जास्त. दोन्ही फुलबॅक अटॅकवर, बचावापुढे रेजिस्ता (फिरत राहून पास वाटणारा मिडफिल्डर), त्याच्या पुढे दोन मेझाला (कडेला सरकणारे मिडफिल्डर). दोन्ही बाजूंना इनसाइड फॉरवर्ड, मधे अ‍ॅडव्हान्स्ड फॉरवर्ड.

हारायला लागल्यावर काय काय केलं तेही सांगतो. ४-२-३-१ करून पाहिलं, दोन सामने. मग पाच जण मागे ठेवले, एक सामना. एकदा 'पार्क द बस' लावलं, म्हणजे सगळ्यांनी मागे बसून नुसता बचाव. नाव वाचून हसू आलं, आमच्या पार्क चौकात संध्याकाळी बस लावल्यावर जे होतं तेच झालं, कुणालाच हलता येईना. हाफटाइमला आरडाओरड केली, पाण्याची बाटलीसुद्धा फेकली. (सोलापुरात राहून पाणी फेकायला जिवावर येतं, आमच्याकडे नळ चार-चार दिवसांनी येतो. पण खेळात चालतंय.) काही फरक नाही.

प्रश्न एवढाच: डावपेच बदलू का खेळाडू बदलू? आठवड्याला दीडशे पौंड पगारात एक माणूस बसेल, जास्त नाही.

आधी एक सांगा

सामना बघता कसा? 'की हायलाइट्स' वर ना? मग तुम्हाला गोल दिसतो, गोल का झाला ते दिसत नाही. हरलेला एक सामना सेव्हमधून उघडा आणि 'फुल मॅच' वर लावून बघा. चेंडूकडे बघूच नका. आपला चेंडू गेला त्या क्षणी पॉज करा आणि आपली माणसं कुठं उभी आहेत ते मोजा. मग बोलू.

दम संपतो हो

सहाव्या पायरीवरचे बहुतेक खेळाडू अर्धवेळ असतात. दिवसा नोकरी, आठवड्यातून दोन-तीनदा सराव. तुमच्या मिडफिल्डरचा स्टॅमिना वीसपैकी किती आहे बघा. नऊ-दहा असणार. गेगेनप्रेस क्लॉपने लिव्हरपूलमध्ये चालवला, तिथं पूर्णवेळ खेळाडू आणि बेंचवर तसलेच आणखी सात. तुमचा पोरगा दिवसभर गोदामात खोकी उचलून संध्याकाळी नव्वद मिनिटं प्रेस करणार? सत्तराव्या मिनिटाला त्याच्या नावापुढचं हृदय केशरी झालेलं असतं. प्रेसला चार जण धावतात, पाचवा पोचत नाही आणि त्याच फटीतून चेंडू निघतो.

डिसेंबरातच का? एक तर नाताळात तिकडे सामन्यांची रांग लागते, २६ तारखेला बॉक्सिंग डे, त्याच्या आगेमागे आणखी. दुसरं, हिवाळ्यात मैदानं खराब होतात. तुमच्या क्लबच्या पानावर पिचची अवस्था लिहिलेली असते, बघा. चिखलात छोटे पास अडकतात. तिसरी गोष्ट कुणी लक्षात घेत नाही: ऑगस्टमध्ये तुम्ही सोळावे होता म्हणून समोरचा अंगावर यायचा, मागे जागा मिळायची. दुसरे झालात तसे ते मागे बसायला लागले. डावपेच तोच राहिला, समोरचा संघ बदलला.

आणि नऊ सामन्यांत चार आकार? आकार बदलला की टॅक्टिकल फॅमिलिअ‍ॅरिटीची (डावपेच संघाच्या किती अंगवळणी पडलाय त्याची) पट्टी खाली येते. पोरांना आपण कुठं उभं राहायचं तेच कळेना, मग बाटली फेकून काय होणार. खेळ तीन डावपेच ठेवायला जागा देतो, त्यांचाच सराव होतो. रोज नवीन नको.

कोल्हापुरातनं

भावा, कोल्हापुरातनं लिहितोय, त्यामुळं फुटबॉलवर बोलायचा हक्क जन्मजात हाय असं धर. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच बघितलीस का कधी? पाटाकडील आणि दिलबहार तालमीचे संघ समोरासमोर आले की बाल्कनीतला म्हाताराबी ओरडतोय, "मागं कोण हाय रं?" तुझ्या त्या यादीत मागं कोण हाय ते सांग. दोन्ही फुलबॅक वर, रेजिस्ता भटक्या, मेझाला दोन्ही कडंला पळणार. मला मागं दोनच माणसं दिसल्यात.

रेजिस्ता काढ, अँकर लाव, बचावापुढची जागा न सोडणारा गडी. आजच्या आज. बाकी कशाला हात लावू नको.

(धागालेखक) बघितला पूर्ण सामना

पहिल्या प्रतिसादातलं ऐकलं. रविवारी दुपारी, बाहेर ४३ अंश, लॅपटॉपचा पंखा मागाच्या शेडसारखा घरघरत होता. ३-१ हरलेला सामना लावला.

७३वं मिनिट, १-१. आमचा डावा विंगर आत येतो, शॉट मारतो, अडवला जातो. इथं पॉज केलं. समोरच्या पेनल्टी बॉक्सभोवती माझी आठ माणसं. आठ! गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यासमोर गर्दी असते तशी. डावा फुलबॅक आणि डावा मेझाला तर जवळजवळ एकाच फुटावर. रेजिस्ता कुठं? उजव्या कडेला, चेंडू मागायला गेलाय. मधल्या वर्तुळात माझे दोन सेंटर बॅक, त्यांच्यात त्यांचा एक स्ट्रायकर, आणि पुढं चाळीस यार्ड मोकळं गवत. त्यांच्या मिडफिल्डरनं वर न बघताच चेंडू टाकला. माझ्या सेंटर बॅकचा पेस ८, त्यांच्या पोराचा १४. तीन टचमध्ये गोल.

तिसरा गोल हुबेहूब हाच, फक्त उजवीकडून.

आकडे बघितले तर आणखी लाज वाटली. आमचे शॉट १७, एक्सजी (संधींच्या दर्जावरून अपेक्षित गोल) ०.८. त्यांचे ५, एक्सजी १.६. म्हणजे आम्ही गर्दीतून लांबून टोलवत होतो आणि ते एकट्या गोलकीपरपुढं येत होते. मी इतके दिवस 'सतरा शॉट मारूनही नशीब नाही' म्हणत होतो.

माझे काका अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, बावीस वर्षं माग दुरुस्त केले. मागून बघत उभे होते. म्हणाले, "काय करलालास बे, हे?" सगळं सांगितलं, चार आकार, मेंटॅलिटी, बाटली. फुटबॉल त्यांना ओ का ठो कळत नाही. पण म्हणाले की कापडात डाग यायला लागला की नवा पोरगा ताण पण बदलतो, धोटा पण बदलतो, पिकिंगचा पट्टा पण आवळतो. डाग गेला तरी कशानं गेला ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी दुसरा डाग येतो. एक नट फिरवायचा, हातभर कापड विणून बघायचं, मग दुसरा.

अँकरवर एकमत दिसतंय. पण माझ्याकडे अँकर नाही. विकत घेऊ?

विकत कशाला

बेंच बघा आधी. टॅकलिंग, पोझिशनिंग, अँटिसिपेशन, स्टॅमिना या चार रकान्यांवर यादी लावा. पोझिशनपुढं हिरवा गोळा (ती जागा त्याला जमते याची खूण) नसला तरी चालेल.

१९६२च्या जकार्ता एशियाडची फायनल ठाऊक असेल. जर्नेल सिंग आपला सेंटर बॅक, डोक्याला जखम झालेली. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढे फॉरवर्ड खेळवलं. त्यानं गोल केला आणि आपण दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण घेतलं. म्हणजे रोज सेंटर बॅकला पुढे पाठवा असं नाही हो, लगेच कराल म्हणून सांगतो. माणूस काय करू शकतो ते बघायचं, त्याच्या नावापुढं काय छापलंय ते नंतर.

एवढं कशाला डोकं लावायचं

नेटवर तपासलेले डावपेच मिळतात, शेकडो सामने चालवून क्रमवारी लावलेले. वरचा उतरवा, लावा, चॅम्पियन व्हा. खेळ आहे, नोकरी नाही.

(धागालेखक)

@ वरचे: दादा, मी उतरवूनच इथं आलोय.

बेंच चाळला. एक पोरगा सापडला, २१ वर्षांचा, टॅकलिंग १३, पोझिशनिंग १२, स्टॅमिना १४. पासिंग ७ बघून मी त्याला पहिल्याच आठवड्यात बाजूला टाकला होता. माझ्या रेजिस्ताचं पासिंग १२ आहे, टॅकलिंग ६. आता कळतंय मी कुठल्या रकान्यावर भाळलो होतो.

प्रेस पण कमी करा ना

अँकर लावा, ठीक. पण ट्रिगर प्रेस टोकाला ठेवून फक्त एक माणूस बदललात तर साठाव्या मिनिटाला तोही दमणार. माझ्या मते दोन्ही एकदम करा. काकांचा मान राखून सांगतो, सामने १८ उरलेत, हातभर हातभर विणत बसलात तर मोसम संपेल.

मी सहमत नाही

दोन्ही एकदम केलं आणि गोल बंद झाले, तर श्रेय कुणाचं? आणि प्रेस कमी केल्यावर पुढं चेंडू मिळणं बंद झालं तर? एक सामना तरी द्या अँकरला. दम बघायचा असेल तर ६५व्या मिनिटाला दोन्ही मेझाला बदला, त्याला डावपेच बदलावा लागत नाही.

(धागालेखक) दोन सामन्यांनंतर

उशीर झाला, आमच्याकडे काल दुपारी तीन तास वीज नव्हती आणि सेव्ह अर्धवट राहिला होता.

पहिला सामना: रेजिस्ताच्या जागी तो पोरगा, अँकर. दुसरं काही नाही. ०-०. कंटाळवाणा म्हणजे किती, काका झोपले. पण चेंडू गेला तेव्हा सात-आठ वेळा पॉज करून बघितलं, दर वेळी सेंटर बॅकच्या पुढं तो उभा. लांब चेंडू आला की पहिला हेडर याचाच. दोनदा फाउल केला, एकदा पिवळं कार्ड. चालेल.

दुसरा सामना: आता प्रेस एक पायरी खाली आणि ६५व्या मिनिटाला मेझाला बदलले. (म्हणजे दोन नट झाले, कबूल. काकांना सांगू नका.) ७०नंतर लांब चेंडूवर एकही संधी दिली नाही. ८१व्या मिनिटाला आमच्या उजव्या फुलबॅकच्या क्रॉसवर गोल, १-०. मी खुर्चीतून उठलो, आईनं आतून विचारलं काय पडलं म्हणून.

आणि ८८व्या मिनिटाला कॉर्नरवर खाल्ला. १-१. पहिल्या खांबावर चेंडू आला, त्यांचा सेंटर बॅक एकटा, माझा एकही माणूस त्याच्या दोन यार्डांत नाही. मागं जाऊन बघितलं तर सत्तराव्या मिनिटानंतरच्या त्या ११पैकी दोन गोल कॉर्नरचेच होते, मी त्यांनाही प्रेसच्या खात्यात मांडलं होतं.

फुटबॉल मॅनेजर २४ मध्ये सेट पीसचा (कॉर्नर, फ्री किक वगैरेंचा) भाग नवीन आहे, झोनल (जागा राखायची), मॅन (माणूस धरायचा) आणि दोन्हींची खिचडी असे पर्याय येतात. माझ्याकडे सेट पीस कोच नाही आणि घ्यायला पैसेही नाहीत. तर आता खरा प्रश्न: बचावाच्या कॉर्नरला पहिल्या खांबावर कुणाला उभं करता? उंच सेंटर बॅक का हा नवा अँकर? जम्पिंग रीच (उडी मारून किती उंच पोचतो ते) अँकरची ११ आहे. शनिवारी टेबलातल्या पहिल्याशी सामना आहे, त्याआधी सांगा.