संगणक काम करताना अचानक बंद पडतो आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय सुरू होत नाही : मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या घरचा संगणक गेले तीन आठवडे काम चालू असताना मध्येच बंद पडतो आहे. मी माझ्या परीने बराच शोध घेतला आहे. तरी मोठा खर्च करण्याआधी येथील जाणकारांचे मत घ्यावे, असे वाटते. माझी पत्नी याच संगणकावर काही दुकानांचे जीएसटीचे काम करते, आणि २० तारखेच्या आत विवरणपत्रे भरायची असताना अर्ध्या तासाच्या नोंदी पुन्हा करत बसणे तिला फार जड जाते.

संगणक २०१७ साली सुटे भाग घेऊन जुळवला होता. इंटेलचा कोअर आय५-७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना हवी तशी करून पुरवणारी पेटी) आणि ६०० व्हीएचा यूपीएस असा संच आहे. एसएमपीएस तेव्हापासूनचाच आहे.

बंद पडताना निळा पडदा येत नाही की कोणतीही सूचना दिसत नाही. पंखे, दिवे, सगळे एका क्षणात थांबते. त्यानंतर पुढचे बटण कितीही दाबले तरी संगणक प्रतिसाद देत नाही. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून मिनिटभर थांबल्यावर मात्र तो नेहमीसारखा सुरू होतो. साधे टंकलेखन चालू असेल तर दोन-दोन तास काही होत नाही. मुलगा त्रिमितीय आराखड्यांचे काम करू लागला की वीस मिनिटांतच बंद पडतो.

आम्ही सोलापुरात राहतो, त्यामुळे पहिला संशय उन्हाळ्यावर गेला. धूळ साफ करून प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलली. आता कामाच्या भरातही प्रोसेसर ७० अंशांच्या वर जात नाही. रॅम काढून पुन्हा बसवली आणि रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली. चूक सापडली नाही. यूपीएस वगळून थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडून पाहिले, तरी तेच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर ४१' (संगणक रीतसर बंद न होता थांबला) ही नोंद आहे आणि तिच्यातील बगचेक कोड (विंडोजने पकडलेल्या चुकीचा क्रमांक) शून्य आहे.

दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी मदरबोर्ड गेला असल्याचे सांगून नवा संगणकच घेण्याचा सल्ला दिला. प्रोसेसर ६५ वॉटचा आणि कार्ड ७५ वॉटचे असताना ४५० वॉट अपुरे पडतील, हेही मला पटत नाही. दोष मदरबोर्डचा की एसएमपीएसचा, हे घरी कसे ठरवावे?

प्रतिसाद :

आपण दिलेल्या तपशिलांत सर्वांत मोलाचा तपशील मागच्या स्विचचा आहे. एसएमपीएसमधील संरक्षक मंडलाने धोका ओळखून एकदा पुरवठा तोडला की बहुधा मुख्य वीज काढून घेईपर्यंत तो तसाच बंद राहतो. बगचेक कोड शून्य असणे याच्याशी जुळते, कारण विंडोजला काही नोंदवायला वेळच मिळालेला नाही. अर्थात पुढे कुठे शॉर्ट होत असेल तरीही संरक्षण असेच काम करते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

४५० वॉट हा आकडा नव्या एसएमपीएसच्या लेबलवरचा आहे. आतील कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग) उष्णतेत वर्षानुवर्षे राहिले की क्षमता घटते. आधी ग्राफिक्स कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला जोडा. आपल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स आहे. त्यानंतर कार्ड पुन्हा लावून, भार असताना चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारेमध्ये मल्टिमीटरने विजेचा दाब (व्होल्टेज) मोजा. तो ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत हवा. टोक घसरून पिवळी आणि लाल तार एकमेकींना जोडली जाणार नाही, याची काळजी घ्या. एसएमपीएस मात्र कृपया उघडू नका. वीज काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो.

धागाकर्त्याचे उत्तर :

मनापासून आभार. कार्ड काढल्यावर संगणक दिवसभर चालला. कार्ड लावून मोजल्यावर सुरुवातीला ११.९ व्होल्ट दिसले, मुलाने काम सुरू करताच ते ११.१ वर आले आणि काही मिनिटांत संगणक बंद पडला. दोष कार्डाचाही असू शकेल, म्हणून भाच्याच्या संगणकातील एसएमपीएस आणून त्याच कार्डासह लावला. काल आणि आज मिळून अकरा तास काम झाले, एकदाही बंद पडला नाही आणि दाब १२ च्या खाली उतरला नाही. नवा एसएमपीएस मागवला आहे. घेताना एकूण वॉटऐवजी लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेपुढे दिलेले अँपिअर पाहिले. आता एकच विचारायचे आहे : यूपीएसची बॅटरी चार वर्षे जुनी आहे, तीही याच वेळी बदलून घ्यावी का?