रात्रपाळीत सुई टोचली, इन्चार्ज म्हणतात रजिस्टरला घेऊ नको. काय करू?

रात्रपाळी
जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) होऊन आठ महिने झाले, एका खासगी हॉस्पिटलात मेल मेडिकल वॉर्डला आहे. आज पहाटे चारला एका आजोबांचं सॅम्पल काढलं. नीडल कटर नर्सिंग स्टेशनला, म्हणजे वॉर्डच्या पार दुसऱ्या टोकाला. उघडी सुई घेऊन एवढं कसं जायचं म्हणून कॅप लावायला गेले आणि सुई डाव्या तर्जनीत घुसली. ग्लोव्हजच्या आत रक्ताचा ठिपका पसरलेला दिसला. बोट दाबदाबून रक्त काढलं, वर स्पिरिट ओतलं. आजोबांची एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची) टेस्ट काहीच झालेली नाही. इन्चार्ज म्हणाल्या, 'ग्लोव्हज होते ना, मग काही होत नाही. रजिस्टरला घेतलंस तर तुझ्यावरच येईल.' आता दहा वाजलेत. रूमवर आलेय, पण डोळा लागत नाही. हिपॅटायटिस बीचे दोनच डोस झालेत. खरंच काही करायला हवं का?

लेबररूमवाली ताई
अगं, आधी ऊठ आणि सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा. 'पहाटे चारला सुई टोचली, पीईपी हवी' एवढं सांग. पीईपी म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या. पहिली गोळी दोन तासांत पडली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. तुझे सहाच तास झालेत. आजोबांच्या रिपोर्टसाठी थांबू नकोस. तो निगेटिव्ह आला की डॉक्टर गोळ्या बंद करतात, नाहीतर २८ दिवसांचा कोर्स.

मला मात्र तुझ्या बाबतीत बीची जास्त काळजी वाटते. पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका हजारात तीनेक. लस न घेतलेल्याला बीचा धोका शंभरात तीसपर्यंत जातो. आजोबा एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघाले तर तुला इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन) लागेल, शक्यतो २४ तासांच्या आत. तिसरा डोस आजच घेऊन टाक, पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. एक-दोन महिन्यांनी टायटर (लशीमुळे रक्तात किती अँटिबॉडीज आल्या ते) कर, १० च्या वर यायला हवा. आणि आज तुझंही बेसलाइन ब्लड, म्हणजे आत्ताची स्थिती दाखवणारं, टेस्टला जाऊ दे.

मी २००८ साली गप्प बसले होते. टाके घालताना डॉक्टरांच्या हातातली सुई माझ्या अंगठ्यात गेली. गडबड होती, बोलले नाही. लेक तेव्हा सात महिन्यांची, अंगावर पीत होती. तिला छातीशी घेतलं की पोटात गोळा यायचा. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांनी टेस्ट केली, निगेटिव्ह आली. तोवर रात्र-रात्र जागून काढली.

म्हणून नोंद करच. उद्या काही निघालं, तर ते ड्यूटीवर झालं हे दाखवायला तोच कागद कामी येतो. इन्चार्ज घेत नसतील तर मेट्रनना (नर्सेसच्या प्रमुखांना) लेखी दे, वेळ घालून, आणि झेरॉक्स जवळ ठेव.

लॅब टेक्निशियन
ताईंनी सगळं सांगितलंय. ग्लोव्हजबद्दल तेवढं बोलतो. सुई ग्लोव्हजमधून जाताना बाहेरचं रक्त थोडं पुसलं जातं, पण सॅम्पलची सुई पोकळ, आतलं रक्त आतच राहतं. पुढच्या वेळी बोट दाबू नका, स्पिरिटही नको. साबण आणि नळाचं वाहतं पाणी. कॅप लावायचीच नाही. अगदीच इलाज नसेल तर ती ट्रेमध्ये आडवी ठेवून एका हाताने सुईवर उचलायची, दुसरा हात पाठीमागे. पण खरी चूक कटर लांब ठेवणाऱ्यांची आहे. सुया टाकायचा पांढरा डबा ट्रॉलीवर, पेशंटच्या बेडपर्यंत गेला पाहिजे, आणि पाऊण भरला की बंद. आमच्याकडे सॅम्पलच्या पिशवीत सुईसकट सिरिंज येते, तेव्हा फार राग येतो हो. पिशवीत हात आमचा जातो.

रात्रपाळी
सिव्हिलला जाऊन आले. कॅज्युअल्टीतल्या मॅडमनी आधी गोळी दिली, मग फॉर्म भरला. तिसरा डोसही झाला. आमच्या ड्यूटी डॉक्टरांनी आजोबांना नीट समजावून संमती घेतली. एचआयव्ही आणि एचबीएसएजी निगेटिव्ह, त्यामुळे गोळ्या बंद. एचसीव्हीचा (हिपॅटायटिस सीचा) रिपोर्ट उद्या. मेट्रननी माझा अर्ज सही करून घेतला. इन्चार्ज माझ्याशी बोलल्या नाहीत. पांढरा डबा मागितला, तर स्टोअरमध्ये दोन पडून होते. आज रात्री ट्रॉलीवर लावते. घरी आईला अजून सांगितलं नाही, उद्याचा रिपोर्ट आला की सांगेन.

लेबररूमवाली ताई
आजच सांग गं. ड्यूटीला निघायच्या आधी फोन कर.