मदत हवी आहे: दात आतून झिजलेत, पेशंट म्हणते "उलट्या नाहीत"

दंतकथा

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे, बीडीएस होऊन चार वर्षं झाली. एका पेशंटने मला गोंधळात टाकलंय. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

बाई चाळिशीच्या आसपासच्या. तक्रार अशी: "काही न खाताच दात आंबल्यासारखे वाटतात, आणि पुढचे दात आखूड व्हायला लागलेत." कीड नाही. वरच्या पुढच्या सहा दातांची ओठाकडची बाजू बरी आहे. आरसा आत घातला आणि टाळ्याकडची बाजू बघून चरकले. चघळलेल्या खडीसाखरेसारखी गुळगुळीत, मधूनमधून पिवळं डेंटिन (दाताचा आतला थर) दिसतंय, आणि हिरडीलगत मात्र इनॅमलची, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराची, बारीक किनार शाबूत. दातांच्या कडा इतक्या पातळ की उजेडात आरपार दिसतात. खालच्या दाढांच्या टोकांवर लहान लहान वाट्या पडल्यात. उजव्या दाढेत जुनी चांदी भरलेली आहे, ती आजूबाजूच्या दातापेक्षा ओट्यासारखी वर आलीय!

आधी वाटलं, झोपेत दात खात असतील. पण तसं असतं तर वरची आणि खालची झीज एकमेकांवर चपखल बसली असती. इथल्या वाट्यांमध्ये समोरचा दात पोचतच नाही. मिश्री लावत नाहीत, डागही नाहीत. दात उलट जास्तच स्वच्छ दिसतात. म्हणजे आम्लाने होणारी झीज, इरोजन, इथवर मी आले.

मग प्रश्न विचारले. लिंबूपाणी? नाही. कोल्ड्रिंक? लग्नाकार्यात. चिंच, व्हिनेगर, व्हिटॅमिन सी-च्या चघळायच्या गोळ्या? नाही. ॲसिडिटी? "असते जराशी, कुणाला नसते?" उलट्या होतात? "छे हो!"

मग आम्ल येतंय कुठून? दुसऱ्या एका दवाखान्यात त्यांना सहा दातांना कॅप सांगितल्यात, पैशांची जुळवाजुळव चालू आहे. मी "पंधरा दिवस थांबा" म्हणून बसलेय. काय विचारायचं राहिलं?

रानजाई

मी डॉक्टर नाही, पण वाचून पोटात गोळा आला. आठ वर्षं रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेते, तेही चहासारखं घोट घोट, पेपर वाचत अर्धा तास. माझंही असंच होणार का?

अक्कलदाढ

रानजाई, आधी तुम्हाला उत्तर देतो, सोपं आहे. लिंबाच्या रसाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल कडक) दोन-अडीचच्या घरात असतो. साधारण साडेपाचच्या खाली गेलं की इनॅमल विरघळायला लागतं. पण आम्ल किती आंबट, यापेक्षा ते तोंडात किती वेळ राहतं ते महत्त्वाचं. अर्धा तास घोट घोट म्हणजे लाळेला सावरायला उसंतच नाही. घ्यायचंच असेल तर एकदम पिऊन टाका, साध्या पाण्याने चूळ भरा, आणि दात त्याच्या आधी घासून घ्या. मध घातल्याने लिंबू मवाळ होत नाही, फक्त गोड लागतं.

आता दंतकथा. ३१ वर्षं हेच करतोय, त्यामुळे एकेरीत बोलतो, राग मानू नकोस. निरीक्षण उत्तम. बाहेरून येणारं आम्ल बऱ्याचदा ओठाकडच्या बाजूला आणि दाढांच्या माथ्यावर खुणा सोडतं. वरच्या दातांची टाळ्याकडची बाजू गेली असेल तर आम्ल पोटातून येतंय, असा संशय घ्यायचा. खालचे पुढचे दात बरे आहेत ना? ते जिभेच्या आणि लाळेच्या आडोशाला असतात.

तू चुकलीस ती शब्दात. उलटी म्हणजे आजारपण, आपोआप होते ती. आपल्याकडे कितीतरी माणसं "पित्त काढतात". सकाळी जीभ घासताना घशात बोटं घालायची, कडू-आंबट पाणी पडलं की मोकळं वाटतं. ते त्यांच्या लेखी उलटीत मोजतच नाहीत. "पित्त पडतं का? काढता का? आठवड्यातून किती वेळा?" असं विचार. डोकं दुखतं का, तेही विचार.

उपाशी_बोका

+१. माझी आई अशीच. अर्धशिशी उठली की पित्त काढल्याशिवाय थांबायची नाही. आम्हाला तो घरगुती उपायच वाटायचा. वरचे पुढचे दात पंचावन्नाव्या वर्षी नखाएवढे उरले होते, आणि आम्ही म्हणायचो वयाने झिजले.

अवांतर: योगशिबिरात शिकवतात ती मिठाच्या पाण्याची वमनक्रिया? आमच्या ग्रुपमधले दोघं ती रोज करतात.

अक्कलदाढ

रोज? दातांच्या बाजूने तरी नको. वैद्याच्या देखरेखीखाली वसंतात एकदा केलेलं वमन वेगळं आणि रोज उठून जठरातलं आम्ल दातांवरून फिरवणं वेगळं. जठरातलं आम्ल लिंबापेक्षाही कडक, पीएच एक-दोनच्या आसपास.

पायवाट

मी फिजिशियन. दोन गोष्टी जोडतो. एक, छातीत जळजळ नसतानाही रात्री आम्ल घशाशी येऊ शकतं. "उशीवर आंबट लाळ पडते का, सकाळी आवाज बसलेला असतो का" हेही विचारा. दुसरं, तरुण मुलींमध्ये अशी झीज दिसली तर खाऊन मुद्दाम ओकण्याचा आजार असू शकतो. तो प्रश्न आईला बाहेर बसवून, एकटीला आणि आवाज न चढवता विचारायचा. तिथे दातांचा डॉक्टर कित्येकदा पहिला साक्षीदार असतो. गरोदरपणात खूप ओकाऱ्या झालेल्यांचे दातही बघत जा.

रानजाई

आणि सोलकढी? ताक?? आता जेवायचं काय ते तरी सांगा.

अक्कलदाढ

जेवा हो! दही-ताक आंबट असलं तरी त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं, दाताला तोटा जवळपास होत नाही. सोलकढी जेवणाबरोबर एक वाटी, काय बिघडलं? दिवसभर बाटलीत कोकम सरबत घेऊन हिंडू नका, एवढंच.

दंतकथा

अपडेट. सर, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

त्या आज आल्या. "पित्त काढता का?" एवढंच विचारलं तर म्हणाल्या, "मग! काढल्याशिवाय डोकं उतरत नाही." आठवड्यातून तीन-चारदा, जवळजवळ बारा वर्षं. आणि तोंड कडू होतं म्हणून लगेच कडक ब्रशने घासतात, काळ्या कोळशाच्या पेस्टने, कारण दात पिवळे दिसतात. आता पिवळं दिसतंय ते आतलं डेंटिन, त्याला घासून पांढरं कसं करणार? मी नुसती बघत राहिले.

पर्समधून डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टीही काढून दाखवली, ॲमिट्रिप्टिलिन. तोंड कोरडं पडतं म्हणाल्या.

पायवाट

त्या गोळीने लाळ कमी होते आणि लाळ हेच दातांचं मुख्य संरक्षण. पण गोळी परस्पर बंद करायला सांगू नका. ज्यांनी दिलीय त्यांना चिठ्ठी लिहा: दातांची अवस्था अशी, कोरड अशी, पर्याय आहे का. अर्धशिशी नीट आटोक्यात आली तर पित्त काढायची वेळच येणार नाही. खरा उपचार तिथे आहे, तुमच्या खुर्चीत अर्धाच.

अक्कलदाढ

उरलेला अर्धा असा. पित्त पडलंच, तर लगेच ब्रश नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भरायच्या. ब्रश किती वेळाने करायचा यावर आमच्यात वाद आहेत, अर्धा तास का तासभर का काहीच फरक नाही. मी तासभर सांगतो. सोडा नसेल तर नुसत्या पाण्याच्या चुळा. कोळशाची पेस्ट आजच कचऱ्यात. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, आपल्याकडे १००० पीपीएमपर्यंतची मिळते. स्टॅनस फ्लोराइडची मिळाली तर ती जास्त चांगली, टिनचा थर आम्लाला टिकतो. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून धुवायचं नाही. दवाखान्यात फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवरचा फ्लोराइडचा लेप, लाव. रात्री उशाशी पाणी, दिवसा बिनसाखरेचं च्युइंगगम.

कॅप आत्ता नकोत. आम्ल चालू असताना कॅप बसवली तर तिच्या कडेने दात विरघळत राहतो, आणि उरलेला दात कोरावा लागतो तो वेगळाच. आधी कारण थांबव, मग कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या सिमेंटने) टाळ्याकडची बाजू भरून घेता येते, दात न कोरता. गेलेलं इनॅमल परत येत नाही, हे त्यांना आजच स्पष्ट सांग, नाहीतर वार्निश लावल्यावर दात वाढायची वाट बघत बसतील.

आणि मोजमाप ठेव. झीज मोजायची २००८ साली आलेली बीईडब्ल्यूई पद्धत वापर. तोंडाचे सहा भाग, प्रत्येकातल्या सर्वांत खराब पृष्ठभागाला ० ते ३ गुण, एकूण १८. चौदा किंवा त्याहून जास्त झाले तर धोका मोठा.

दंतकथा

मोजले. ११. म्हणजे मध्यम. चिठ्ठी लिहून दिली, कॅपचे पैसे तूर्त वाचले. त्यांचे मिस्टर बाहेर बसले होते, निघताना म्हणाले, "मीपण सकाळी काढतो थोडं, ते चालेल ना?" त्यांना सोमवारची वेळ दिलीय.

शेवटचा प्रश्न. ती उजव्या दाढेतली वर आलेली चांदी त्यांच्या जिभेला टोचते. घासून दाताच्या पातळीला आणू का?

अक्कलदाढ

टोचणारी कड तेवढी गोल कर, पातळीला आणू नकोस. ज्या दिवशी ती भरली तेव्हा दात तिथवर होता, ती तुझी फूटपट्टी आहे. आधी फोटो काढ आणि जबड्याचं माप घेऊन मॉडेल कपाटात ठेव. सहा महिन्यांनी शेजारी ठेवून बघ.

दंतकथा

फोटो काढलाय. माप सोमवारी, दोघांचंही.